हातकामाची पारख

गतवर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, दुसरी मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील महिलांनी मंदिराच्या आवारात पाच बाके मांडून नाताळनिमित्त हातकामाच्या वस्तू विकावयास ठेवल्या होत्या. गोधड्या होत्या, केळीच्या धाग्याच्या पिशव्या होत्या, बांबूच्या टोपल्या, तांब्याचे दोन-चार गडू, रंगवलेली भेटकार्डे, गव्हाणीतील मूर्ती आणि अगदी शेवटच्या बाकावर फराळाचे डबे. प्रवचनाच्या अखेरीस आम्ही आवाहन केले, की या गरीब भगिनींच्या कष्टांना हातभार लावावा, रिकाम्या हाताने कुणी घरी जाऊ नये. लोकांनी आमचा शब्द मानला. बारा वाजण्याच्या आत बाके रिकामी झाली. आम्हांला समाधान वाटले आणि ते आम्ही करंजी खाता खाता बोलूनही दाखवले.

गोधड्या शिवणाऱ्या बाई मात्र गप्प होत्या. त्यांच्या तिन्ही गोधड्या खपल्या होत्या. काय झाले म्हणून विचारले, तेव्हा त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, ‘तिनी उघाडीसन बी देखी नही, फादर.’ ज्या भगिनीने सर्वांत मोठी गोधडी घेतली, तिने घडी न मोडता पैसे मोजले आणि ‘कुणाला तरी द्यायला होईल’ असे म्हणून ती काखोटीला मारली. तीन आठवडे रात्री जागून घातलेल्या धावदोऱ्यावरून कुणी बोटसुद्धा फिरवले नव्हते.

ते वाक्य वर्षभर आमच्या मनातून गेले नाही. कारण दोष त्या घेणाऱ्या भगिनीचा नव्हता, आमचा होता. वस्तू पाहा असे आम्ही सांगितलेच नव्हते. बाईंची गरिबी पाहा असे सांगितले होते. आपल्या धर्मग्रामातील कुणी कवितेचे पुस्तक काढले, तर आपण त्याची चिकित्सा करतो. वृत्त कुठे मोडले, प्रतिमा कुठे उसनी वाटली, हे लिहितो. कवीला राग आला तरी लिहितो, कारण त्याला आपण कवी मानलेले असते. गोधडी शिवणाऱ्या बाईंना हा मान आपण देत नाही. त्यांच्या वाट्याला कौतुक येते आणि दया येते. परीक्षण काही येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्या पाच बाकांवरील वस्तूंचे, आणि जळगाव-धुळे परिसरात सणासुदीला भरणाऱ्या अशाच विक्रीत आम्ही पाहिलेल्या कामाचे, थोडेसे परीक्षण करण्याचे योजिले आहे.

परीक्षण म्हटले की कसोटी हवी. ती शोधण्यास खानदेशाबाहेर जावे लागत नाही. ऐन नाताळात हातकामाचे प्रदर्शन भरण्याचा प्रकार या मातीत जुना आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातील फैजपूर येथे १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते, आणि त्या प्रदर्शनस्थळी महात्मा गांधींचे भाषण झाले ते २५ डिसेंबर रोजी. आपल्या पूर्वजांनी भुसावळच्या मंदिरात ख्रिस्तजन्माची मिस्सा ऐकली असेल त्याच दिवशी, तेथून काही कोसांवर हा सोहळा चालला होता.

अधिवेशनासाठी वसवलेल्या त्या नगराला ‘तिलकनगर’ असे नाव होते. त्याची कल्पना शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची. पुढे भारतीय संविधानाची मूळ प्रत ज्यांच्या चित्रांनी सजली, तेच हे. गांधीजींनी बोलावले तेव्हा ‘मी चित्रकार, मला बांधकामातले काय कळते’ अशी त्यांची अडचण होती, असे सांगतात. गांधीजींचे उत्तर असे, की मला पियानोचा पंडित नको, मनापासून सारंगी वाजवणारा चालेल. नंदलालांनी बांबू, चटया, गवत अशा परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून कमानी आणि मंडप उभे केले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. तो रथही नंदलालांच्याच योजनेतला. भाषणात गांधीजींनी मांडणीचे श्रेय नंदलालांना आणि वास्तुकार म्हात्रे यांना जाहीरपणे दिले. म्हणजे कुणी काय केले हे नाव घेऊन सांगितले. आमच्या प्रवचनात ‘गरीब भगिनी’ होत्या, नाव एकीचेही नव्हते.

फैजपूरपासून दोन गोष्टी घेता येतात. एक, सामग्री जवळची असावी आणि ती आपल्या स्वभावाप्रमाणे वापरलेली असावी; बांबूने संगमरवराचे सोंग घेऊ नये. दुसरी, वस्तू कुठल्या तरी खऱ्या उपयोगाची असावी. तिसरी गोष्ट आम्हांला त्या काळातील एका ख्रिस्ती माणसाकडून मिळते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे वर्ध्याच्या मगनवाडीतील काम ज्यांनी सांभाळले, ते जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातले, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकलेले. त्यांचे ग्रामोद्योगाच्या चळवळीवरील पुस्तक फैजपूरच्याच वर्षी आले. वस्तू विकत घेणारा माणूस त्या वस्तूच्या घडणीतील पापपुण्याचाही वाटेकरी होतो, हा कुमारप्पांचा विचार. आपल्या पाळकीय पत्रांतून श्रमिकांविषयी पुष्कळ वाचावयास मिळते. परंतु बाजारात उभ्या असलेल्या गृहिणीला इतके सरळ सांगणारे आम्हांला दुसरे कुणी आढळलेले नाही.

मात्र फैजपूरची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. मंडप उतरले, बांबू गेले. हातकामाची खरेदी हे देशाचे काम आहे असे मानणारी माणसे होती तोवर खादी खपली. घेणारा देशभक्त होता, पारखी असेलच असे नाही. ‘देशासाठी घ्या’ आणि ‘गरिबांसाठी घ्या’ ही सख्खी भावंडे आहेत. दोन्हींत घडी मोडून पाहण्याचे कुणाला सुचत नाही.

आता बाकांकडे वळू.

गोधडीपासून आरंभ करणे न्याय्य. जुनी सुती लुगडी थरावर थर पसरून, चारही कडांनी आत येत येत धावदोरा घालायचा, हे तिचे तंत्र. तिचे सौंदर्य कापडाच्या रंगात थोडे आणि टाक्यात फार असते. टाका सारखा पडला, की धुतल्यावर सगळी गोधडी मिळून आकसते आणि अंगावर बारीक लाट उमटते. टाका लांब-आखूड पडला, की आतला थर सरकून गोळा होतो. त्या बाईंचा टाका मध्यभागी अप्रतिम आहे. कोपऱ्यांवर मात्र, जिथे दोरा वळतो, तिथे तो सैल राहतो. शिवाय अलीकडे त्यांनी बाजारातील झगमगती कृत्रिम साडी वरच्या थराला वापरावयास आरंभ केला आहे, कारण ती उठून दिसते आणि लवकर खपते. ती ऊब देत नाही, आणि जुन्या सुती थराशी तिचे पटतही नाही. हे आम्ही त्यांना बोललो. त्या म्हणाल्या, कोपऱ्याचे आम्हांला ठाऊक होते, कुणी तरी म्हणेल म्हणून वाट पाहत होतो.

केळीच्या धाग्याच्या पिशव्यांविषयी आमचे मत संमिश्र आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान सर्वांनाच आहे. पण रावेर-यावलच्या शेतात घड उतरवल्यावर उरणारे खांब हा शेतकऱ्याच्या डोक्याला ताप असतो. त्या खांबाच्या सोपटातून धागा काढून वस्तू करणे ही फैजपूरच्या पहिल्या कसोटीला तंतोतंत उतरणारी गोष्ट. वाळलेल्या सोपटाने फुलांच्या पुड्या बांधणारे माळी आपण लहानपणी पाहिलेले आहेत. सामग्री परकी नाही. परंतु पिशव्यांवर तागाच्या पिशवीचे सोंग चढवलेले दिसले. आत रेक्झिनचे अस्तर, बाहेर प्लॅस्टिकची फुले. केळीच्या धाग्याला स्वतःची एक चमक असते, किंचित रेशमी, किंचित पिवळसर. ती फुलांखाली झाकून गेली होती. बाकावर त्याच धाग्याची वीण घातलेले एक साधे आसन होते, बिनफुलांचे. ते सर्वांत शेवटी खपले आणि आमच्या मते सर्वांत चांगले तेच होते.

बांबूच्या टोपल्यांना आमचे नावे ठेवणे नाही. धुळे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून आलेले ते काम रोजच्या वापरातून घडलेले आहे, आणि रोजचा वापर हा फार कडक परीक्षक असतो.

तांब्याच्या गडवांपाशी मात्र थांबावे लागते. धुळ्याहून शिरपूरच्या वाटेवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले. खानदेशातील कित्येक लेकी सोनगीरचा हंडा घेऊन सासरी गेल्या. पुढे स्टीलची भांडी आली आणि स्वयंपाकघरातले तांबे-पितळ माळ्यावर गेले. अलीकडे तांब्याचे पाणी प्रकृतीला चांगले अशी हवा झाल्यामुळे तांब्याला पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. पण ते आले ते औषधाच्या वाटेने, भांड्याच्या वाटेने नव्हे. त्यामुळे त्याची नजर कामावर नसते, आणि याचा फायदा घेऊन साच्याने ठसे उमटवलेली भांडी ‘हाताने ठोकलेली’ म्हणून सर्रास विकली जातात. ओळखण्याची रीत सोपी आहे. खऱ्या मठारकामात हातोडीचा प्रत्येक घाव शेजारच्या घावावर थोडा चढतो. रांगा सरळ असतात, पण दोन खुणा हुबेहूब सारख्या नसतात. भांडे उन्हात फिरवावे, उजेड थरथरतो. साच्याच्या भांड्यावर तो भिंगाच्या आरशांसारखा टप्प्याटप्प्याने उडतो. आमच्या बाकावरील चार गडवांपैकी दोन साच्याचे होते, हे आम्हांला आधी कळले नाही. ते ज्या होलसेल दुकानातून आणले होते, तेथे चौकशी केल्यावर कळले. हाताचे म्हणून आम्ही व्यासपीठावरून सांगितले होते ते अर्धे खोटे ठरले.

भेटकार्डांवर थोडे कठोर लिहावे लागेल. ती करणाऱ्या मुली आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या आहेत, त्यांनी रागावू नये. वीस कार्डांपैकी सतरांवर वारली पद्धतीची चित्रे होती. त्रिकोणाची माणसे, तारप्याभोवतीचा नाच, मध्ये गव्हाणी. वारली चित्र ही डहाणू-पालघरकडची ठेव. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढायचे विधीचे चित्र. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणून जगभर नेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये ते वारले. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज मात्र ‘हाताने केलेले’ एवढे सांगण्यासाठी महाराष्ट्रात कुणीही कुठेही त्रिकोणाची माणसे काढतो. पेल्यावर, छत्रीवर, सरकारी भिंतीवर. आमच्या मुलींनी वारल्यांचा पाडा पाहिलेला नाही. त्यांनी पाहिली आहे ती श्रावणातली शेजारची कानबाई, होळीला सातपुड्यातून उतरणारे मोरपिसांचे उंच टोप, कापसाच्या गाड्या, भुसावळचे यार्ड. सतरा कार्डे सफाईदार होती. उरलेल्या तिघांपैकी एकावर एका मुलीने पवित्र कुटुंब रेल्वेच्या फलाटावर गाठोड्यांसह बसलेले काढले होते. योसेफाचा हात जरा वाकडा आला होता. ते कार्ड आम्ही विकत घेऊन आमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

आता मूर्ती. गव्हाणीतील संच सगळे प्लॅस्टरचे, मुंबईहून आणलेल्या साच्यातून काढून येथे रंगवलेले होते. मरियेचा झगा निळा, केस सोनेरी, मेंढपाळांचे गाल गुलाबी. रंगवणारीचा हात स्वच्छ आहे, डोळ्याची रेघ एकदाही हललेली नाही. पण घडवणे आणि रंगवणे यांत फरक करावाच लागतो. या प्रश्नावर आपल्या मंडळींमध्ये जुना वाद आहे. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि याच नंदलाल बोसांपाशी शिकले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, बाळ येशूला आपल्याकडील मुलाचा वर्ण दिला. गोव्यातील धार्मिक मंडळींना ते रुचले नाही; त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढली. त्यांची कितीतरी चित्रे आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत आणि अभ्यासक ती पाहावयास दुरून येतात. फैजपूरला बांबूतून कमान काढणाऱ्या गुरूचा धडा आपल्यापैकी एकाने इतक्या पूर्वी गिरवून ठेवला होता, आणि आपण अजून सोनेरी केस रंगवीत बसलो आहोत.

आमची एक सूचना आहे. पोळ्याला आपल्या गावोगावी कुंभार मातीचे बैल करतात. त्या बैलाची मान, वशिंड, किंचित खाली घेतलेले डोके ही शेकडो वर्षांच्या पाहण्यातून उतरलेली गोष्ट आहे. सणानंतर बैल कोनाड्यात पडून राहतात. त्यांतला एक आम्ही यंदा गव्हाणीत ठेवला. तो शेजारच्या प्लॅस्टरच्या गाढवापेक्षा इतका जिवंत दिसू लागला, की गाढव काढून ठेवावे लागले. त्याच कुंभारदादांना, ते ख्रिस्ती नाहीत, आम्ही मेंढपाळ आणि मेंढ्या करून द्याल का म्हणून विचारले आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मेंढपाळ धनगरासारखा काठीवर रेलून उभा हवा, की बसलेला. हा प्रश्न मुंबईच्या साच्याने कधी विचारला नसता.

पवित्र शास्त्रात सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय आहे. त्यात चाकावर वाकलेला कुंभार आहे, भट्टीच्या धगीत अंग पोळणारा लोहार आहे, रात्री जागून नक्षी पुरी करणारा मुद्रा कोरणारा आहे; यांच्याविना नगर वसत नाही असे तो सांगतो. पण हे सांगताना तो एकालाही बिचारा म्हणत नाही. कुंभाराची चिंता भांड्याला दिलेली झिलई पुरी बसली की नाही ही आहे, याची नोंद घेतो. हे वाचून आमची मान खाली गेली.

जळगावात बहिणाबाई चौधरींच्या नावाने महोत्सव भरतो, बचतगटांच्या बायका आपला माल घेऊन येतात. मुंबईला महालक्ष्मी सरस आहे, पुण्याला भीमथडी जत्रा. ही मोठी बाजारपेठ आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या असोद्याच्या लेकीचे नाव फलकावर लावतो, तिची नजरही थोडी उसनी घ्यावी. अक्षर न शिकलेल्या त्या माउलीने सुगरणीच्या खोप्याकडे पाहिले, ते ‘बिचारी चिमणी’ म्हणून नव्हे, विणकाम पाहिले. तिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली नसती, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांनी ती पुढे आणली नसती, तर तीही आपल्या लेखी शेतात राबणारी एक गरीब बाईच राहिली असती.

किमतीविषयी न लिहिल्यास कुमारप्पा क्षमा करणार नाहीत. ज्या गोधडीची घडी मोडली गेली नाही, ती हजार रुपयांना गेली. कापड आणि दोरा वजा जाता आठशे. तीन आठवडे, रोज रात्री अडीच तास. म्हणजे पन्नास-बावन्न तास. ताशी १६ रुपयांच्या आत-बाहेर. हा हिशेब आम्ही बाईंसमोर मांडला तेव्हा त्या हसल्या, आम्ही हसू शकलो नाही. आमच्या आवाहनाला मान देऊन लोकांनी जी दया केली, तिचा दर हा होता. काहींनी त्यातही घासाघीस केली, हे आम्हांला नंतर कळले. वस्तू सदोष असेल तर दोष दाखवून किंमत कमी करणे न्याय्य आहे. दोष न पाहताच किंमत पाडणे याला काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

यंदा आगमनकाळात आम्ही आवाहन बदलले. बनवणाऱ्यांची नावे, त्यांच्या परवानगीने, बाकांवर लिहून लावली. साच्याचे ते साच्याचे म्हणून वेगळे ठेवले. आणि व्यासपीठावरून एवढेच सांगितले, की घेण्याआधी वस्तू उलगडून, उलटून, हातात घेऊन पाहावी, नाही पटली तर घेऊ नये. परिणाम चांगला झाला असे लिहिता येत नाही. विक्री निम्म्यावर आली. भेटकार्डांच्या मुली आमच्यावर रुसल्या, कारण त्यांच्या कार्डांतली बारा परत गेली. महिला मंडळाच्या एका ज्येष्ठ भगिनीने आम्हांला स्पष्ट विचारले, की फादर, पोटाचा प्रश्न मोठा की टाक्याचा. त्यांना देण्यासारखे पुरे उत्तर आमच्यापाशी आजही नाही. कमी पडलेले पैसे धर्मग्रामाच्या निधीतून भरून काढावेत असे ठरले. त्याला आम्ही संमती दिली, आणि असे करताना पुन्हा तीच दया मागल्या दाराने आत येत आहे हेही आम्हांला दिसत होते.

गोधड्या या वेळी चार होत्या. दोन परत गेल्या. एक गेली. चौथी भुसावळहून आपल्या मुलीकडे आलेल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी बाकावर पूर्ण पसरली, चष्मा काढून टाके पाहिले, उलटी करून पाहिली, आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘ताई, हा इथं सैल आहे.’ बाईंनी बोट लावून पाहिले, गोधडी घडी करून उचलली आणि शनिवारी या म्हणाल्या. शनिवारी ते आले. कोपरा उसवून नव्याने घातला होता. त्यांनी पुन्हा पसरून पाहिली, बाराशे रुपये मोजले. किंमत कमी करा असे ते म्हणाले नाहीत, आणि बाईंनीही केली नसती.